ती कशी हाय, ते सांगा

उरणजवळच्या आमच्या दोन शिक्षकी शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. पहिल्या सत्राचं प्रगतिपत्रक न्यायला एका मुलीचे वडील आले. ते कंटेनर यार्डात कामाला. मुलगी पहिलीत बसायच्या महिनाभर आधी तिची आई मस्कतला एका घरी कामाला गेली होती. वडिलांनी सही केली, पत्रकाचा फोटो काढला आणि तिथूनच बायकोला पाठवला. थोड्याच वेळात तिचा फोन आला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

“बाई, ब-एक म्हंजे काय?”

“प्रगती बरी आहे. गणित चांगलं आहे, वाचनात जरा मागे आहे.”

“ते समजलं. पन ती कशी हाय, ते सांगा ना.”

पत्रकात मीच लिहिलं होतं, ‘परिपाठात सहभाग घेते’, ‘वाचनाचा सराव आवश्यक’. वर्गातल्या निम्म्या मुलांना मी हीच वाक्यं दिली होती.

“शनिवारी सांगते,” मी म्हटलं. “नीट बघून सांगते.”

त्या आठवड्यात मी त्या मुलीकडे खरोखर पाहिलं. खिचडीतले वाटाणे ती बाजूला काढून शेवटी एकेक करून खायची. वाचताना जोडाक्षर आलं की अडायची आणि चित्र बघून मोकळी व्हायची. धड्यात ‘समुद्र’ होता, तिनं बिनधास्त ‘दर्या’ वाचलं. तिचा पुढचा दात पडला होता. शनिवारी शाळा सुटल्यावर हे सगळं मी फोनमध्ये रेकॉर्ड करून तिच्या आईला पाठवलं.

उत्तर लगेच आलं. “दात कौलावर टाकला का वो? का तसाच हरवला?”

मग दर शनिवारी पाठवत गेले. एकदा मुलीनं अख्खा धडा न अडखळता वाचला, तो तिच्याच आवाजात पाठवला. त्या दिवशी आईचं उत्तर आलं नाही. सोमवारी वडील म्हणाले, “बाई, ती दिवसभर तेच ऐकत व्हती.”

मुलगी दुसरी पास झाली त्या मे महिन्यात आई परत आली. पनवेलला तिच्या भावाकडे राहायला जायचं ठरलं होतं, म्हणून तिघं दाखला न्यायला शाळेत आली. दीड वर्ष आम्ही बोलत होतो, पण समोरासमोर तेव्हाच भेटलो. मला वाटलेलं त्यापेक्षा ती ठेंगणी होती. मुलगी आईजवळ थांबली नाही, येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली.

आई हळूच म्हणाली, “बाई, ती माझ्याकडं येत न्हाय. चार दिस झाले.”

एवढं सांगताना तिचा चेहरा असा झाला की मला तिच्याकडे बघवेना.

“तिला वेळ लागतो,” मी म्हटलं. “वर्गात नवी मुलगी आली, तेव्हाही ही आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. मग एक दिवस आपणहून डबा पुढे केला. तुम्ही बोलावू नका. नुसत्या शेजारी बसा.”

तिनं मान हलवली. जाताना मुलीनं वडिलांचं बोट धरलं होतं आणि आई त्यांच्या मागून चालत होती.

दहाएक दिवसांनी फोन आला. “आली, बाई,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. त्यानंतर फोन आला नाही. यायचं कारणही उरलं नव्हतं.

माझी बदली चौलकडे झाली. इथेही मी मुलांकडे नीट बघूनच नोंदी लिहिते. पालक ग्रुपवर अंगठा टाकतात आणि बहुतेकांना तेवढं पुरतं.

माझी मुलगी यंदा पुण्याला वसतिगृहात गेली. तिचा निकाल ॲपवर दिसतो, फोनवर ती ‘मजेत आहे’ म्हणते. परवा राहवलं नाही, वसतिगृहाच्या बाईंना फोन लावला आणि कशी आहे म्हणून विचारलं.

“हजेरी चांगली आहे हो तिची,” त्या म्हणाल्या.

मी ‘बरं’ म्हटलं, आणि त्या आणखी काही सांगतील म्हणून फोन कानाला तसाच धरून राहिले.