बांधावरची घोडी

माझी पहिली घोडी भोकरदनच्या सुताराने केली. घोडी म्हणजे चित्राची फळी टेकवायची तीन पायांची चौकट. त्याने ती बाभळीच्या लाकडाची केली आणि ती इतकी जड झाली की सायकलला बांधली की सायकल एका अंगाला ओढायची. पुढे मी बांबूची करून घेतली. तिचा एक पाय आखूड होता, पण शेतात जमीन तरी कुठे सपाट असते.

निजामाचे राज्य होते. मी तहसिलीत कारकून होतो, दिवसभर उर्दूतल्या कागदांच्या नकला करायचो. शुक्रवारी सुट्टी असे. गुरुवारी कचेरी सुटली की सायकलवरून केदारखेड्याजवळच्या आमच्या गावी जायचे आणि शुक्रवारी पहाटे शेतात जाऊन बसायचे, हा माझा नेम झाला होता. शेत दादा करायचा. वडील गेले तेव्हा दोघांपैकी एकालाच शिकता येणार होते. दादाने काही न बोलता शाळा सोडली आणि औताला लागला. तो शेतात घाम गाळत असताना मी त्याच शेताच्या कडेला छत्रीखाली बसून रंग कालवत होतो. मला त्याची लाज वाटायची, आणि तरीही मी दर शुक्रवारी जायचो. तिथे बसून काय करतो हे मात्र मी घरात कुणाला सांगितले नव्हते, चित्रेही दाखवत नव्हतो. वाळली की वर्तमानपत्रात गुंडाळून भोकरदनला न्यायची आणि खोलीतल्या ट्रंकेत टाकायची.

चित्रकला मी शाळेत शिकलो ती पुस्तकातले देखावे उतरवून. डोंगर, नदी, झोपडी, नारळाचे झाड. आमच्याकडे नारळ औषधालाही नव्हता, तरी माझ्या सुरुवातीच्या एका चित्रात पूर्णेच्या काठी नारळ उभा आहे. मग हळूहळू समोरचे बघू लागलो. आमच्या उन्हात पाण्याचा रंग कागदावर पसरायच्या आत वाळतो आणि त्याच्या कडा उमटून बसतात. त्यावर उपाय म्हणून मी फळीवर ओला पंचा घालून त्याच्यावर कागद ताणू लागलो. काळ्या जमिनीला पेटीतला काळा रंग लावला की जमीन मेल्यासारखी दिसायची. निळा आणि तपकिरी कागदावरच एकमेकांत मिसळू दिले, तेव्हा कुठे तिच्यात जरा ओल आली.

सगळ्यात उशिरा कळले ते सोडून देणे. आधी मी प्रत्येक बाभूळ, प्रत्येक धोंडा काढायचो. नंतर डोळे बारीक करून बघायची सवय लागली. डोळे बारीक केले की बारकावे गळून पडतात आणि उजेड-सावलीचे मोठे तुकडे उरतात. उजेड किती आहे हे कळावे म्हणून मी समोर शेतात एक काठी रोवून तिला पांढरे फडके बांधायचो. त्या पांढऱ्याच्या मानाने बाकीचे सगळे ठरवायचे. हात लांब करून, एक डोळा मिटून, ब्रशच्या दांडीने झाडाची उंची अजमावायची.

हे सगळे दुरून कसे दिसत असेल, याचा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

त्या वर्षी फाल्गुनात ज्वारी निघाली होती आणि रान मोकळे झाले होते. त्याच दिवसांत मोजणीची माणसे गावोगाव फिरतात. एका शुक्रवारी दुपारी जेवायला बसलो, तर दादा म्हणाला, "तुम्ही घ्या की अजून भाकर."

मला वाटले मागे कुणी पाहुणा आहे. पण घरात आम्ही दोघेच होतो आणि वाढायला वहिनी. जन्मभर मला 'अरे' आणि 'येड्या' म्हणणारा दादा मला 'तुम्ही' म्हणत होता. मी हसून म्हणालो, "दादा, मी काय तहसीलदार झालो का?"

"तुमच्या कचेरीचं आम्हाला काय ठावं," तो म्हणाला आणि हात धुऊन उठला.

पुढच्या शुक्रवारीही तसेच. शेवटी वहिनीनेच चुलीपुढून तोंड न वळवता विचारले, "भाऊजी, एकदाचं सांगून टाका. कोणता तुकडा पाह्यजे तुम्हाला?"

"कसला तुकडा?"

"शेताचा. आख्खं गाव बोलून राह्यलं. तहसिलीतला माणूस तिपाई लावून, झेंडी रोवून, एक डोळा झाकून शेत मोजून राह्यला म्हणून. शेजारचे काका तं म्हणले, वाटणीचा कागद तयार झाला असंल."

हसू यायला हवे होते, पण आले नाही.

"दादानं ऐकून घेतलं हे?"

"ऐकून घेतलं. तवापासून रानात एकटेच बसून राह्यतात. मला म्हणले, त्यानं मागितलं तर वाटणी करून देऊ, पण त्यानं चोरून कामून मोजावं?"

दादाशी तोंडी बोलून उपयोग नव्हता. मी 'चित्र काढतो' म्हणालो असतो तरी तो 'बरं' म्हणून गप्प बसला असता. पुढच्या खेपेला मी ट्रंकेतली सगळी चित्रे सायकलला बांधून आणली आणि शेतात बाजेवर मांडली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर ढेकळे ठेवली. दादाला हाक मारली. त्याच्या मागोमाग शेजारचे काकाही बांध ओलांडून आले. असल्या वेळी ते घरी बसणारे नव्हते.

दादा उभ्यानेच बघत राहिला. मग खाली बसला. एक कागद उचलून म्हणाला, "हे आपलंच रान हाय का?"

"आपलंच."

"आन् ह्यो नारळ?"

"ते जुनं आहे. तेव्हा अक्कल नव्हती."

"नारळ लावला, बांध कुठं गेला मंग?" काका मध्येच बोलले. "माझ्या आन् तुमच्या मधातला बांध कुठं हाय? बिलकुल दिसत न्हाई!"

मी म्हणालो, "काका, बांधावरचं गवत वाळलंय आणि रानात धसकटं आहेत. दोन्हींचा रंग एकच. डोळे बारीक करून बघा, बांध दिसत नाही."

दादाने समोरच्या रानाकडे तोंड करून डोळे बारीक केले. काकांनीही केले. उन्हात दोन मोठी माणसे डोळे किलकिले करून बघत राहिली. जरा वेळाने दादा म्हणाला, "काका, मोजणीवाला समदं सोडंल, पण बांध सोडंल का?"

"न्हाई," काका नाराजीने म्हणाले. "पण माझा बांध असा पुसू नको बाप्पा. उद्या कुणी हे कागद पाह्यले तर?" आणि आपल्या रानाकडे गेले.

दादाने उरलेली चित्रे एकेक करून पाहिली, अगदी सावकाश. मला वाटले, मिटले. मग त्याने विचारले, "येड्या, समदं रान काढलंस. बैलसुद्धा काढलेत. मी कामून कुठंच न्हाई?"

तो एकाही चित्रात नाही, हे तोवर माझ्याही ध्यानात आले नव्हते. पण उत्तर मला माहीत होते. तो औतामागे असला की मी ब्रश खाली ठेवायचो. तो विहिरीकडे गेला की पुन्हा उचलायचो. छत्रीच्या सावलीत बसून त्याच्याकडे सरळ बघत राहायची माझी छाती नव्हती. हे मी त्याला जसेच्या तसे सांगितले.

दादाने मातीचे एक ढेकूळ हातात चुरले. "मी तं निराळ्याच भेवात होतो," तो म्हणाला. "वाटलं, तू तुकडा घेऊन मोकळा होशील. मंग शुक्रवारी इथं कोण येईल?"

त्याला इतके बोलताना मी त्याआधी ऐकले नव्हते.

तो उठला, औताकडे गेला, आणि बैल जुंपता जुंपता ओरडला, "आज काढ! थांबून राह्यू का एका जागी?"

"नको," मी ओरडलो. "तू चालत राह्य, दादा."

मी पंचा पिळून फळीवर घातला, कागद ताणला. ऊन वर चढत होते, रंग वाळायच्या आत काम उरकायला हवे होते. डोके, खांदे आणि पाठीचा वाक, ब्रशचे तीनच फटकारे. शेवटचा जरा ओला पडला आणि दादाच्या पायाजवळ जमिनीत उतरला. एरवी मी तो टिपून घेतला असता. त्या दिवशी तसाच राहू दिला आणि शेताच्या टोकापर्यंतचे तास संपवून औत वळण्याची वाट बघत, त्याच्याकडे सरळ पाहत बसलो.