घड्याळाची चेन आणि माझे साडू

माझ्या साडूला पाहिलं की माझ्या पोटात दुखतं. हे मी कधी लपवलेलं नाही, बायकोला तर लग्नापासून ठाऊक आहे. ती म्हणते, तुम्हीपण घाला ना मग तसं. जसं काही घालण्याचाच प्रश्न आहे.

तो बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. आमच्याच शहरात, पलासिया भागात नोकरी, पगार माझ्याइतकाच, पोट माझ्यापेक्षा चार बोटं पुढे. पण पांढरा शर्ट, खांद्यांवरून गॅलिसचे पट्टे, वर जाकीट आणि जाकिटावर खिशातल्या घड्याळाची चेन, अशा थाटात तो सिग्नलला स्कूटरवर थांबला की शेजारचे गाडीवाले काच खाली करून बघतात. मी एकदा त्याच्यासारखं जाकीट शिवून घेतलं. घालून आरशापुढे उभा राहिलो, तर बँडमधला कुणीतरी वरात सोडून आमच्या तुकोगंजच्या घरात शिरल्यासारखा वाटलो.

त्याला त्यातलं सगळं कळतं, हे आणखी वाईट. चेनचा आडवा दांडा जाकिटाच्या कुठल्या काजात अडकवायचा, चेन किती लोंबती ठेवायची, टायची पिन चांदीची असेल तर कफलिंकही चांदीचेच हवेत, आणि वरच्या खिशातला रुमाल टायच्याच कापडाचा कधीही नको. "एक चीज दिखनी चाहिए, भिया," तो म्हणतो, "बाकीच्यांनी चुपचाप बसायचं." आणि एकदा घालून झालं की तो ते विसरून जातो. मी साधं नवं मनगटी घड्याळ घातलं तरी दिवसभर बाही सारखी करत बसतो.

त्यात खरं दुखणं असं की माझे आजोबा संस्थानात अधिकारी होते. खिशातलं अस्सल घड्याळ आमच्या घरात आहे, चेनसकट. त्याचं घड्याळ कृष्णपुऱ्याकडच्या एका जुन्या सामानवाल्याकडून घेतलेलं. त्याच्या आजोबांनी वेळ सूर्याकडे बघून सांगितली असेल. तरी सगळ्या नातेवाइकांना वाटतं, जुन्या खानदानाचा तो आणि मी कुठूनतरी आलेला.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पणजोबांचं घड्याळ लावा ना. मावसाजी शिकवतील तुम्हाला."

तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी लहानपणापासून शनिवार-रविवार मावशीकडे. तिथून आली की मावसाजींनी हे दाखवलं, मावसाजी ते म्हणाले. आता तिच्याच लग्नात तिचा बाप मावसाजींनी सजवायचा? एक दिवस तरी तिने माझ्याकडे त्या नजरेने बघावं, एवढीच माझी इच्छा होती. मी म्हटलं, घड्याळ माझ्या आजोबांचं आहे, मला येतं लावता.

येत नव्हतं. लग्नाच्या सकाळी जाकिटात काज कुठलं ते कळेना, म्हणून मी चेन पँटच्या पट्ट्याला अडकवली, किल्ल्यांचा जुडगा अडकवतात तशी, आणि वरून कोट घातला. फेटेवाल्याने सगळ्यांना एकाच रंगाचे फेटे बांधले. दारात व्याहीभेटीला उभे राहिलो तेव्हा माझ्यावर दिसण्यासारखं काही नव्हतं. साडू शेजारी उभा. फेटा तोच, पण चेन, पिन, रुमाल सगळं जागच्या जागी.

नवऱ्या मुलाला वडील नाहीत. त्यांच्या जागी ग्वाल्हेरचे थोरले काका होते, ते त्याच सकाळी गाडीने आलेले, आम्ही एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, व्याही पुढे या. काकांनी आमच्याकडे एकवार पाहिलं आणि हसतमुखाने हार साडूच्या गळ्यात घातला. मग त्याला कडकडून मिठी मारली आणि म्हणाले, "तुमची मुलगी आता आमची मुलगी."

साडू गप्प. मी मोजत नव्हतो, पण ती मिठी पुरती झाली. मगच तो म्हणाला, "दादा, मी मावसा आहे. वडील हे." काका ओशाळले. हार उतरून माझ्या गळ्यात आला, मिठीही आली, पण आधीची जास्त घट्ट होती. मागून माझी मुलगी हसल्याचं ऐकू आलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं वाटून मी दिवसभर धुमसत राहिलो.

पंगतीआधी हात धुवायच्या नळाशी तो एकटा सापडला. मी सरळ विचारलं, "हार घालायच्या आधीच सांगता आलं नसतं?"

तो टायची पिन काढून पुसत होता. "आलं असतं ना," तो म्हणाला. "झूठ कशाला बोलू, भिया. ते पुढे आले, मला दिसत होतं का चुकतायत. पण आमच्या घरी ना पोरगी, ना पोरगा. मला कोण व्याही म्हणणार? म्हटलं एक मिनट राहू दे. तुला वाईट वाटलं ते मला कळलं. सॉरी."

इतक्या वर्षांत मी त्याला माझ्या मनातलं एकदाही असं सरळ सांगू शकलो नव्हतो. त्याने पिन पुन्हा लावली, आरशात न बघता, बरोबर जागी, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पंगतीकडे निघून गेला.

मी नळाशीच उभा राहिलो. या माणसाला दुःखसुद्धा शोभून दिसतं.