कुस्तीचं हँडबिल आणि माझी मोकळी जागा

स्वातंत्र्य मिळून दोनेक वर्षं झाली असतील. सांगलीच्या एका छापखान्यात मी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायला नवा लागलो होतो... बोलतोय मी, टाइप करतेय नात, तेव्हा चुका तिच्या!

पाचगणीच्या एका इंग्रजी शाळेची कार्यक्रमपत्रिका माझ्या हाती लागली होती. मधोमध चार ओळी, बाकी सगळा कागद मोकळा. मी खुळावलोच... आपली हँडबिलं म्हणजे नुसती गिचमीड वाटायला लागली.

तेवढ्यात कवठे महांकाळकडच्या एका जत्रेतल्या कुस्त्यांचं काम आलं. यादीत चाळीस जोड. मी तीन मोठे जोड ठेवले आणि बाकीचे 'इतर अनेक कुस्त्या' म्हणून उडवले. मालक परगावी होते, विचारतो कोण? छापून पाठवून दिलं, वर स्वतःवर जाम खूश.

जत्रेला चार दिवस असताना एक म्हातारा दारात उभा राहिला. खांद्यावर घोंगडं, मेंढरं भावाकडं सोडून आलेला. हातात माझंच हँडबिल.

"आवं, मास्तरनी तीनदा वाचलं, माज्या बिराचं नाव निघंना. वरीसभर मेहनत केलीया पोरानं. आता म्हंतोय, नावच न्हाई तर बिनबोलावता कशाला उतरू?"

मी म्हटलं, "कुस्ती ठरलेलीच आहे हो. जागेसाठी नावं गाळली."

त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला. "जागा तर लय मोकळी हाय की!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आमच्याकडं हँडबिल एकजण वाचतो आणि अख्खा पार ऐकतो... हे माहीत असून मी विसरलो होतो.

जेवण तसंच टाकून सगळे खिळे पुन्हा जुळवले. चाळीस जोड, प्रत्येकाचं गाव, वस्तादाचं नाव. कागदावर बोट ठेवायला जागा उरली नाही.

ओली प्रत त्याला वाचून दाखवली. बिराचं नाव आलं तसा म्हणाला, "आनि येकदा." मग बाकीची नावंही शेवटपर्यंत ऐकली. मधेच, "ह्यो आमच्या पावन्याचा पोरगा!" जाताना नव्यानं छापलेल्या हँडबिलांचा गठ्ठा घोंगड्यात बांधून घेतला, वाटेतल्या गावांना वाटायला.

माझा धंदा मला खरा त्या बाबानं शिकवला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं, त्याची रुखरुख आहे.

बिरा जिंकला की हरला, कधी कळलं नाही... पण उतरला होता, एवढं मात्र मालकांनी जत्रेहून आलेल्या कुणाकडून तरी ऐकून मला सांगितलं.