वन्सं बाजूला बसल्या होत्या

शोभे, जरा निवांत बस आणि हे पत्र नीट वाच. तपासणी करून घे म्हटलं की फोनवर नुसतं "हो आई, बघते" म्हणतेस. तुझ्या आत्याही तेच म्हणायच्या.

संक्रांत झाली आणि मी ईटहून निघाले. पिशवीत वन्संसाठी खवा. भूमला, परंड्याला एसटी बदलून सोनारीला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सोनारीतली माकडं हातातली पिशवी सोडत नाहीत, म्हणून खवा पदराखाली धरला. पण एकही अंगावर आलं नाही. सगळी वन्संच्या गोठ्याच्या भिंतीवर ओळीनं बसून आत बघत होती. आवाज म्हणून नाही.

दारात वन्संची सून मंदा. "मामी, तिकडं जाऊ नका. आत्याबाई बाजूला बसल्यात."

"बाजूला? अगं, नातवाचं लगीन झालं त्यांच्या!"

मंदानं मान खाली घातली. "दिवाळीपासून परत सुरू झालंय."

गोठ्यात गुरं नव्हती. कोपऱ्यात पोत्यावर वन्सं. ताटलीत लांबूनच टाकलेली भाकरी वाळून गेली होती. माकडांनीही तिला हात लावला नव्हता. आत कुजका, गोडसर वास.

"काय वन्सं, म्हातारपणी कावळा शिवतोय व्हय?" मी चेष्टा केली.

त्या हसल्या. दात तेवढे दिसले. "शिवतोय, वैनी. पयले महिन्याला यायचा. आता मनाला यील तवा येतो. या बारीला तर उठलाच न्हाय."

उगाच मी आढ्याकडं बघितलं.

"शिवू नको मला!" म्हणत होत्या, तरी हात धरून उठवलं. खालचं पोतं ओलं होतं.

तसंच त्यांना परंड्याला नेलं. तिथली डॉक्टरीणबाई म्हणाली, "आजी, हा विटाळ नाही. पाळी गेल्यावर रक्त दिसलं की लगेच यायचं." पिशवीच्या तोंडाचा (गर्भाशयमुखाचा) तुकडा तपासला. कॅन्सर निघाला. आधी नुसती तपासणी केली असती, तर दुखणं मूळ धरायच्या आतच दिसलं असतं म्हणे. आता लाईटचे शेक (रेडिएशन) चालू आहेत. उशीर झालाय, पण आशा आहे.

विटाळ म्हणून घरातलं कुणी जवळ गेलं नाही. दुखणं तेवढं जवळ बसून राहिलं.

घरी आल्यापासून मी गल्लीतल्या गोठ्यांत डोकावते. परवा भर दुपारी एका रिकाम्या गोठ्यातून बारीक आवाज आला, "कोन हाय? लांबूनच बोल, बाई."

पाळी जाऊन वर्षं झालेली म्हातारी. उद्या तिला भूमला नेणार आहे.

शोभे, तू कधी येतेस? माझ्या नातीलाही आण, तिच्या वयाच्या पोरींना या कॅन्सरवरची लस देतात. दोघींना मी घेऊन जाते. लवकर ये बाई.