गोठलेल्या नदीतली होडी

हसन पावसकर सरांची आणि माझी पहिली भेट शारजातल्या अल नहदा भागात, त्यांच्या फ्लॅटमध्ये झाली. मी बारावीत होते. जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरलेले, आणि चाची, म्हणजे सरांच्या पत्नी, बिर्याणीचं पातेलं हातात घेऊन जागा शोधत होत्या. हे काय आहे, असं मी विचारलं.

सर म्हणाले, "जुन्या जमान्यात कोरियाच्या राजाचे दूत दरसाल पेकिंगला जायचे. मुक्काम, अंतर, नद्या, सगळं लिहून ठेवायचे. त्यावरून त्यांची वाट शोधतोय."

मी इंग्रजीत काहीतरी शेरा मारला. "मराठीत सांग, बेटा. मराठीत सांगता आलं तर समजलं म्हणायचं." मी त्यांची शिष्या झाले ती त्या दिवसापासून.

मूळचे रत्नागिरीचे सर फुजैराच्या बंदरात जहाजांना तेल पुरवण्याच्या कामावर होते. एका कोरियन कप्तानाने त्यांना अशा एका दूताच्या रोजनिशीचं इंग्रजी भाषांतर भेट दिलं, आणि सरांना हे वेड लागलं. एकेक मुक्काम नक्की करायला ते वर्ष वर्ष घेतात. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी मात्र आठवडाभर मला रोज इस्पितळात सोडताना त्यांनी नकाशाचा विषय एकदाही काढला नाही. सरांना ओळखणाऱ्यांना हा त्याग केवढा ते कळेल.

गेल्या वर्षी नकाशा छापायला गेला. शेवटची तपासणी माझ्याकडे होती. एक नदी दूताने होडीतून ओलांडली असं रोजनिशीत होतं, म्हणून सरांनी तिथे होडीचा घाट दाखवला होता आणि पुढचे तीन मुक्काम त्यावरून मोजले होते. त्याच दूताने दोन पानं आधी लिहिलं होतं की दौतीतली शाई गोठली. मग नदीत होडी कुठून आली? दूतबुवांनी आधीच्या कुणा उन्हाळी प्रवाशाचं वर्णन जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं. सर कोकणातले, मी शारजात वाढलेली. गोठलेली नदी आमच्या दोघांच्या डोक्यातच आली नव्हती.

आठ दिवस मी गप्प राहिले. सरांच्या इतक्या वर्षांच्या कामावर बोट ठेवायचा धीर होत नव्हता. अखेर सांगितलं. सरांनी ती पानं दोनदा वाचली.

"खलास," ते म्हणाले. "पुढचे तिन्ही मुक्काम गेले."

चाचींनी आणलेला चहा निवून गेला. मग सरांनी स्वतः फोन करून छपाई थांबवली. मला रडू आलं, तेव्हा तेच माझी समजूत घालत होते.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लिहायला मी त्यांची परवानगी मागितली. "तारीफ नको," ते म्हणाले. "ती होडी लिही. उद्या कुणी माझ्यावरून उतरवून घेतलं तर?" म्हणून लिहिली.

त्या तीन मुक्कामांचा शोध पुन्हा सुरू आहे. किती दिवस लागतील, असं विचारलं की सर म्हणतात, "इन्शाल्ला, ऐंशीपर्यंत." सरांना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभो. आणि नकाशा लवकर पुरा होऊ नये, ही माझी स्वार्थी इच्छा.