नाट्यविभागाची भरघोस पार्श्वभूमी

उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका छोट्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. एक दिवस प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मूल्यांकन समिती येणार होती आणि वेबसाइटवर नाट्यविभागाची माहितीच नव्हती.

"मॅडम, तुमचं मराठी चांगलंय. दोघा प्राध्यापकांची व्यावसायिक पार्श्वभूमी लिहून द्या. जरा भरघोस लिहा."

आधी विभागप्रमुखांकडे गेले. घामाच्या धारा लागल्या तरी सरांच्या गळ्यातला स्कार्फ निघत नसे. "मी व्यावसायिक रंगभूमीवर तीनशे प्रयोग केलेत," हे ते दर वर्षी पहिल्याच तासाला सांगत.

"सर, भूमिका कोणती होती?"

"इन्स्पेक्टर. तिसऱ्या अंकात एंट्री. अख्खं नाटक त्या एंट्रीची वाट बघायचं."

"आणि वाक्यं?"

सर दुखावले. "मॅडम, नटाला वाक्यांवर मोजत नाहीत." मग खिडकीकडे बघत म्हणाले, "एक होतं. 'कोणी जागचं हलायचं नाही!'"

मी लिहिलं, 'तीनशे प्रयोगांत कथानकाला कलाटणी देणारी भूमिका.'

दुसऱ्या मॅडम अंबरनाथहून यायच्या. त्यांची पीएच.डी. रंगमंचीय अवकाशावर होती, पण त्या अवकाशात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. स्टेजवर चढलं की त्यांना चक्कर यायची. त्यामुळे अभिनयसुद्धा त्या पहिल्या रांगेत बसूनच शिकवायच्या. "मी थिअरीची आहे," त्या म्हणाल्या. मी लिहिलं, 'रंगमंचाकडे अंतर राखून पाहणाऱ्या अभ्यासक.' त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी वहीत उतरवून घेतलं.

मनातल्या मनात दोघांना हसत होते, पण थापा मीच रचत होते. पुढच्या वर्षीचे तास मलाही हवे होते.

समिती आली त्या दिवशी मुलांचा एक प्रवेश ठेवला होता. बापाशी भांडून मुलगी घर सोडते, एवढाच. मुलीचं काम करणारी विद्यार्थिनी कात्रपहून यायची, फार मन लावून करायची. बापाचं काम करणारा मुलगा तापाने घरी, बेलवलीला. सर प्रवेश रद्द करायला निघाले, तेवढ्यात समितीचे अध्यक्ष माझा कागद हलवत म्हणाले, "अहो, तीनशे प्रयोग केलेले सर असताना कसली काळजी? तुम्हीच करा की बाप!"

सर चढले. प्रवेश त्यांनीच बसवला होता, पण त्यातलं एक वाक्य पाठ असेल तर शपथ. मुलगी भांडली, रडली, बॅग उचलली आणि म्हणाली, "बाबा, मी चाललेय. आता तरी बोला!"

सरांच्या कपाळावरचा घाम स्कार्फपर्यंत आला. मला वाटलं, संपलं सगळं. आणि सरांनी छाती पुढे काढली, हात रोखला आणि गरजले, "कोणी जागचं हलायचं नाही!"

मुलगी क्षणभर थबकली. मग शांतपणे म्हणाली, "लहानपणापासून हेच ऐकत आलेय," आणि निघून गेली.

समितीने उभं राहून टाळ्या वाजवल्या. सरांनी तीनदा वाकून नमस्कार केला. मॅडमनी पहिल्या रांगेतूनच अध्यक्षांना समजावलं, "हे पितृसत्तेचं अवकाशावरचं नियंत्रण आहे, सर." अध्यक्षांनी लिहून घेतलं. अहवालात 'अनुभवसंपन्न अध्यापकवर्ग' असं आलं. त्या मुलीबद्दल अक्षरही नव्हतं. उलट संहितेबाहेरचं वाक्य घेतलं म्हणून सरांनी तिचे प्रात्यक्षिकाचे गुण कापले.

"सर, मग तुमच्या वाक्याचं काय?" तिने विचारलं.

"ते इम्प्रोव्हायझेशन होतं."

मी तिथेच उभी होते. हजेरीपट उचलून तासाला गेले.

विभागाची भरभराट झाली. तिसरे प्राध्यापक नेमायचं ठरलं आणि त्यांच्यासाठी माझे तास कमी करता करता संपवलेच. नवे प्राध्यापक म्हणजे संस्थाचालकांचे मेहुणे. त्यांचा जीन्सचा कारखाना होता. जाता जाता त्यांचीही पार्श्वभूमी मलाच लिहायला सांगितली.

"नाटकाशी काही संबंध?" मी विचारलं.

"मॅडम, सच बोलू? काहीच नाही," ते ओशाळून हसले. "पण कापड द्या, दोन दिवसांत अख्ख्या नाटकाचे कपडे शिवून देतो."

त्या विभागात आपलं काम येणारा हा पहिलाच माणूस. पहिल्यांदाच मला काही फुगवून लिहावं लागलं नाही. प्राचार्यांनी कागद वाचला आणि परत केला. "फारच साधं झालंय, मॅडम."