चेन पान्याचा अभिषेक

उत्तरेत नदीकाठच्या ब्रह्मा घाटावर वसलेल्या मराठी वैदिकाच्या पोटी जन्मलेला ढुंढिराज नळाच्या ठेकेदाराकडं अवजारांचा राखणदार झाला, तेव्हा घरच्यांनी तोंडं वाकडी केली. पण पठ्ठ्याला मंत्रापेक्षा लोखंड लवकर कळायचं. जाड नळ आवळायचे पाने तपासायचे, निकामी निघाले तर बाजूला काढायचे, हे त्याचं काम. बाजूला काढलेलं काही बाजूला राहायचं नाही, पुन्हा कामावर जायचं, ती गोष्ट वेगळी.

त्या गोदामात तपासणी मानली जायची ती वर्षातून एकदा होणारी अवजारांची विश्वकर्मा पूजाच. पाने तिथं न्हायचे नाहीत, नुसते नटायचे. सगळ्यात मान चेन पान्याचा. माणसाच्या छातीला लागणारा दांडा, तोंडाशी दात, नळाला विळखा घालायला साखळी. वर शेंदराचे असे थर, की दात आहेत का पडले ते विश्वकर्म्यालाच ठाऊक.

यंदा दुर्गाघाटाच्या गल्लीत एक जुना नळ गंजून असा बसला की हलेना. फिटर सुमंत पाना न्यायला आला. हा मंगळवेढ्याकडचा गडी. त्या कामावर ढुंढिराजशी मराठी बोलणारा एवढाच. ढुंढिराजनं नखानं शेंदूर खरवडला. साखळीच्या एका कडीला चीर.

"हा नाही मिळणार. जोर लावलास की कडी तुटेल, अन् दांडा तुझ्या जबड्यात."

"आवो गुरुजी, इतकी वर्सं झाली, कवा तुटलाय का?"

"तुटला असता तर विचारायला तुझे दात उरले असते का?"

"दांड्यावर नळी चढवून लांब करतो की. जोर कमी लागतो."

"तुला कमी लागतो रे. कडीला नाही."

तेवढ्यात ठेकेदार आला. "अरे पंडितजी, इसकी तो पूजा हो चुकी है! भगवान में खोट निकालोगे?"

गड्यांनी लगेच हात जोडले. पान्याला, ढुंढिराजला नव्हे. सुमंतनं पाना खांद्यावर घेतला. ठेचा खाणारा त्याचा तो जबडा ढुंढिराजला डोळ्यांपुढं रिकामा दिसू लागला. नियम सांगून झाले, चीर दाखवून झाली. मग त्याच्या अंगातले सगळे वाडवडील एकदम जागे झाले.

"भगवान है ना? तो बताइए, खंडित मूर्ति की पूजा चलती है?"

गड्यांचे जोडलेले हात सुटले.

"खंडित देव घेऊन कामाला लागलं, तर पाप मालकाच्या माथी," तो पुढं हिंदीत दणकावून बोलला. सरकारी नोटिशीला कधी न भ्यालेल्या ठेकेदाराला दरदरून घाम फुटला.

"विसर्जन! फौरन विसर्जन!"

ढुंढिराजनं आधी करवतीनं साखळी कापली. नाहीतर कुणी मल्लाह नावेतून गळ टाकून पाना काढायचा अन् ठेकेदारच तो पुन्हा विकत घ्यायचा. मग संकठा घाटावर जयजयकारात पाना बुडाला. नवा आला. अडलेला नळ सुटला.

दुसऱ्या दिवशी ढुंढिराज नव्या पान्याला तारेचा ब्रश लावायला गेला, तर ठेकेदारानं हात धरला. "भगवान को ब्रश?" शेंदराचा डबा उघडलेलाच होता. ढुंढिराज वरमला. आपल्याच तोंडानं देव करून ठेवला, आता हात लावायची सोय नाही.

"बिना स्नान के शृंगार?" तो कडाडला. "किस शास्त्र में लिखा है?"

तेव्हापासून रोज सकाळी घासलेटाचा अभिषेक. ढुंढिराज पुटपुटत एकेक कडी चोळतो, दातांत अडकलेला गंज काढतो, पीन हलवून बघतो. गडी डोळे मिटून उभे. शेंदूर फक्त दांड्याच्या टोकाला, टिकलीएवढा.

परवा सुमंतनं सवयीनं दांड्यावर चढवायला नळी उचलली.

"अबे, भगवान को पूँछ लगाएगा?" सगळी टोळी अंगावर धावली.

सुमंतनं मुकाट नळी खाली ठेवली, अन् अभिषेकाचं घासलेट तीर्थ म्हणून कुणी आपल्या हातावर घालील या धास्तीनं चार पावलं मागं सरला.